न उघडणारी पुस्तके

बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील, महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या मेहकरात मराठी वाचकाची जी आबाळ होते तिचे मूळ १ नोव्हेंबर १९५६ या तारखेत आहे. त्या दिवशी हैदराबाद राज्यातील जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, भालकी म्हैसूर राज्यात आला, आणि घरातील बोली व देवळातील भजन जसेच्या तसे राहिले असले तरी पुस्तकांची दुकाने आणि प्रकाशकांची मेहेरनजर हद्दीच्या पलीकडे राहिली. महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा या हद्दीपाशी संपतो. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी कर्नाटक शासन मराठी पाठ्यपुस्तके काढते आणि ती संगणकावर उतरवूनही घेता येतात. परंतु एखादी कादंबरी, एखादे चरित्र किंवा दिवाळी अंक हवा झाला म्हणजे भालकीहून आगगाडीने उदगीर गाठावे, नाहीतर लातूरहून कोणी येणारे असेल त्याला आठवणीने सांगून ठेवावे, हाच आमचा शिरस्ता. २०२२ च्या एप्रिलात उदगिरास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा मी रिकामी पिशवी घेऊन गेलो होतो आणि दोन्ही हात अवघडतील इतके ओझे घेऊन परतलो होतो.

अशा मुलखात ई-पुस्तक ही चैन नसून गरज ठरते, आणि म्हणूनच ते उघडेनासे झाले की होणारी हळहळ शहरातल्या वाचकाला वाटते त्याहून मोठी असते. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेचे एक निवृत्त गुरुजी आपला जुना लॅपटॉप कापडी पिशवीत गुंडाळून माझ्याकडे आले आणि ओसरीवर टेकता टेकता म्हणाले, "सगळी पुस्तके आहेत रे आत, पण एक उघडेल तर शपथ. फेकून द्यावा की काय, तूच सांग." मी म्हटले, "गुरुजी, आधी पाहू तर द्या." लॅपटॉपवर विंडोज ७ होते, म्हणजे ज्या प्रणालीचे पालकत्व तिच्या निर्मात्यांनी १४ जानेवारी २०२० रोजी सोडले ती; वाचनासाठीचे सॉफ्टवेअर त्याहूनही जुने; आणि आत दहाबारा वर्षांत साठवलेली पुस्तके निरनिराळ्या साच्यांत, निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली. त्या यंत्रावर पुढे चार संध्याकाळी गेल्या, आणि त्या चार संध्याकाळींत जे हाती लागले ते आमच्यासारख्या इतर वाचकांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आमच्या भागातील पुष्कळ घरांत निजामी अमदानीतील उर्दू कागद आणि त्याआधीचे मोडी कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असतात. कागद शाबूत, शाई शाबूत, शिक्का शाबूत. पण तो वाचणारा आजोबांबरोबर गेलेला. त्या कागदाला कोणी फाटका म्हणत नाही, जाणकार शोधतात. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र आपण उलट वागतो. पडद्यावर चौकोन दिसले किंवा त्रुटीचा संदेश आला की पुस्तकच बिघडले असे समजून ते पुसून टाकतो. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा पुस्तक धडधाकट असते आणि दोष वाचणाऱ्याकडे असतो. तो दोष वाचणाऱ्या यंत्राच्या कोणत्या अंगात आहे हे ओळखता आले की अर्धे काम झाले.

गुरुजींच्या लॅपटॉपचा पहिला दोष पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातच लिहिलेला होता, आणि तो मलाही अर्ध्या तासाने दिसला. तेथील तारीख १ जानेवारी २००९ होती. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवण्यासाठी आत रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल बसवलेला असतो. तो संपला की वीज जाताच यंत्र आपले वय विसरते आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या तारखेवर जाऊन बसते. आता पुस्तकांच्या दुकानाशी किंवा खात्याशी संधान बांधताना यंत्र समोरच्या संगणकाकडे ओळखीचा दाखला मागते, आणि त्या दाखल्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' अशी मुदत असते. २००९ सालात वावरणाऱ्या यंत्राला आजचा दाखला भविष्यकाळातला, म्हणून बनावट वाटतो, आणि ते दार बंद करते. पडद्यावर मात्र 'पासवर्ड तपासा' किंवा 'इंटरनेट नाही' अशासारखे दिशाभूल करणारे शब्द उमटतात, आणि बिचारा वाचक पासवर्ड बदलत बसतो. मागचे झाकण उघडून 'सीआर २०३२' क्रमांकाचा सेल बदलला, तारीख लावली, आणि निम्मी कटकट मिटली. ज्यांच्या घरी वीज वरचेवर जाते त्यांनी तर सर्वांत आधी तारीखच पाहावी.

निम्मी म्हणण्याचे कारण, दाखल्यांचा प्रश्न तारखेने पुरता सुटत नाही. कोणत्या दाखला देणाऱ्यावर विश्वास ठेवावा याची एक यादी प्रत्येक यंत्राच्या पोटात असते आणि ती यादीही शिळी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशाच एका मोठ्या मूळ दाखल्याची मुदत संपली आणि जगभरच्या जुन्या फोनांना व संगणकांना असंख्य संकेतस्थळे एकाएकी अनोळखी झाली. यावर अवघड उपाय ती यादी नवी करण्याचा आणि सोपा उपाय फायरफॉक्स हा ब्राउझर वापरण्याचा, कारण तो आपली यादी स्वतःजवळ बाळगतो. विंडोज ७ साठी त्याची ११५ वी आवृत्ती शेवटची. मी याहूनही सोपा मार्ग पत्करला. पुस्तके माझ्या यंत्रावर उतरवली आणि पेनड्राइव्हने गुरुजींच्या लॅपटॉपवर नेली. जुन्या यंत्राला बाहेरच्या जगाशी बोलायला लावलेच पाहिजे असे नाही; वाचण्यापुरते ते अजून समर्थ असते.

दुसऱ्या संध्याकाळी फाइली तपासायला घेतल्या. पुस्तकाच्या नावाची शेपटी काही सांगत असली तरी फाईल खरोखर काय आहे हे तिच्या पहिल्या काही अक्षरांवरून कळते, आणि कोणत्याही साध्या नोटपॅडमध्ये ती उघडून पाहता येते. पीडीएफ फाईल टक्क्याच्या चिन्हाने आणि लगेच 'पीडीएफ' या अक्षरांनी सुरू होते. ईपब फाईल 'पी' आणि 'के' या अक्षरांनी सुरू होते. ही फिल काट्झ या अमेरिकन प्रोग्रॅमरची आद्याक्षरे, कारण ईपब म्हणजे मुळात त्याने बसवलेल्या झिप पद्धतीने बांधलेले गाठोडेच. गुरुजींच्या संग्रहातील सात-आठ 'पुस्तके' उघडल्यावर आत ना 'पीके' निघाले ना पीडीएफ. निघाले ते संकेतस्थळाचे 'पुन्हा प्रयत्न करा' असे सांगणारे पान, पुस्तकाचे नाव धारण करून बसलेले. डाउनलोडच्या वेळी नेटवर्क गेले की असे होते, आणि फाईलचे वजन पाहिले तरी ते लक्षात येते: शेकडो पानांचा ग्रंथ पाच-सहा किलोबाइटांत मावत नाही.

त्याच ढिगात एक वेगळा प्रकार होता, ज्याने गुरुजींना सर्वांत जास्त छळले होते. अडोबी डिजिटल एडिशन्स या वाचनप्रणालीसाठी दुकाने जी फाईल देतात ती पुस्तक नसतेच; जुन्या काळी कोठीवरून धान्य उचलण्यासाठी जसा रुक्का मिळे तसा तो रुक्का असतो. तो त्या प्रणालीतच उघडावा लागतो, मग ती कोठीशी बोलते आणि खरे पुस्तक आणून देते. गुरुजींनी दहा वर्षे रुक्के जपले होते आणि धान्य कधी उचललेच नव्हते! त्यातले काही अजून चालले, काहींची दुकानेच उठून गेली होती.

फाईल खरी असून वाचनप्रणालीच अपुरी पडत असेल तर ईपबच्या बाबतीत एक युक्ती माझ्या फार उपयोगी आली आहे. नक्कल करून नकलेची शेपटी बदलून 'झिप' करावी आणि गाठोडे सोडावे. आत प्रत्येक प्रकरणाचे एकेक पान असते, आणि ते वेबपानाच्याच भाषेत लिहिलेले असल्यामुळे कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. पुस्तकाला कुलूप नसेल तर वाचण्याला मग खास प्रणालीची गरजच उरत नाही. ईपब हा साचा २००७ साली प्रकाशकांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने ठरवला आणि त्याचे वर्णन कोणालाही वाचता येते. त्याउलट मायक्रोसॉफ्ट रीडर या २००० साली आलेल्या आणि २०१२ साली बंद झालेल्या प्रणालीचा साचा कंपनीच्या खासगी दफ्तरातला होता, आणि त्यातली कुलूपबंद पुस्तके त्या प्रणालीबरोबरच अडकली. खुल्या साच्याबद्दलचा माझा आग्रह येथून येतो.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो, कारण वर सांगितलेले सर्व दोष इंग्रजी वाचकालाही भोगावे लागतात, परंतु लिपीचा भोग आपला स्वतःचा आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि विंडोजमध्ये देवनागरीची युनिकोड सोय मंगल या फॉन्टासह २००० सालच्या आवृत्तीबरोबर आली. तोवर, आणि खरे म्हणजे त्यानंतरही कित्येक वर्षे, मराठी मजकूर कळफलकाची फसवणूक करून लिहिला जाई. कृतिदेवसारख्या फॉन्टात 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी रोमन ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच अक्षरे असतो. त्या अक्षरांच्या जागी म, र, काना, ठ आणि वेलांटी यांची चित्रे बसवलेली असल्यामुळे आपल्याला मराठी दिसते एवढेच. फॉन्ट हजर असेपर्यंत हा देखावा टिकतो. तो काढला की उरते ती अर्थहीन रोमन अक्षरांची ओळ. श्रीलिपी, आकृती, शिवाजी या प्रत्येकाची जुळणी निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याने वाचायला घेतला तर तो निराळ्याच तऱ्हेने निरर्थक होतो. पीडीएफमध्ये फॉन्ट बहुधा आतच शिवलेला असतो म्हणून पान सुरेख दिसते, पण शब्द शोधायला जावे तर एकही सापडत नाही, आणि उतारा नकलून घ्यावा तर कचरा हाती येतो. येथे वाचनप्रणालीला दोष देऊन उपयोग नाही. मूळ फॉन्टाचे नाव शोधावे (ते पीडीएफच्या गुणधर्मांत लिहिलेले असते), त्याच फॉन्टासाठीचे परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि पुस्तक केवळ छायाचित्रांचे असेल तर टेसेरॅक्टसारख्या मराठी ओळखणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरकडून ते वाचवून घ्यावे.

युनिकोडातील पुस्तकाचा दोष याहून निराळा. तेथे चौकोन दिसले तर अर्थ सरळ आहे: वाचनप्रणालीजवळ देवनागरीचा फॉन्ट नाही. परंतु अक्षरे दिसतात आणि तरी वाचवत नाहीत, 'महाराष्ट्र' मध्ये पाय मोडलेला ष आणि त्यापुढे ट, पुन्हा हलन्त, मग र अशी पांगापांग झालेली दिसते, 'किल्ला' मधील ऱ्हस्व वेलांटी क च्या मागे जाऊन उभी राहते, तेव्हा फॉन्ट आहे पण अक्षरे जोडणारा कारागीर नाही असे समजावे. युनिकोड अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवते, आधी क आणि मग वेलांटी. ती पानावर क च्या डावीकडे नेऊन बसवणे, जोडाक्षर सांधणे, रेफ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे हे काम दाखवणाऱ्या प्रणालीचे. रोमन लिपीपुरता विचार करून लिहिलेल्या जुन्या वाचनप्रणालींत हा कारागीर नव्हताच. ई-पुस्तकांचा मोबी हा साचा तर २००० साली स्थापन झालेल्या एका फ्रेंच कंपनीचा. तिला अमेझॉनने २००५ साली विकत घेतले, आणि पुस्तकात फॉन्ट शिवण्याची सोय या घराण्यात आली ती थेट २०११ च्या नव्या साच्याबरोबर. अमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्रावर मराठी पुस्तकांचे दालन उघडले ते २०१६ च्या डिसेंबरात. त्याआधीची हौसेने बनवलेली मराठी मोबी पुस्तके विस्कटलेली दिसतात याचे नवल वाटायला नको.

विस्कटण्याची सर्वांत बोचरी जागा म्हणजे आपला ऱ्य. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या दोन शब्दांत एक रेफाचा आणि एक अर्ध्या र चा फरक. पहिल्याला आपण नमस्कार करतो, दुसऱ्याला स्वयंपाक सांगतो. हिंदीवर नजर ठेवून बनवलेले फॉन्ट आणि प्रणाली हा भेद बुडवतात आणि 'दऱ्या' चा 'दर्या' करतात. तो भेद दिसला तरी आत आणखी एक मेख असते: हा अर्धा र युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो, नुक्त्याचा ऱ घेऊन किंवा साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे. परंतु पुस्तक एका रीतीने लिहिलेले असेल आणि आपण शोध दुसऱ्या रीतीने घेतला तर 'दुसऱ्या' हा शब्द पानोपानी असूनही वाचनप्रणाली 'सापडला नाही' असे बजावते. गुरुजींनी हे पाहिले तेव्हा ते लॅपटॉपवर नव्हे, त्या अदृश्य चिन्हावर रागावले, आणि मला तो राग अगदी रास्त वाटला. आपल्या भाषेतील एका स्पष्ट भेदाची नोंद संगणकाच्या दप्तरी दोन नावांनी व्हावी हे काही भूषणावह नाही.

या साऱ्यावर मी योजतो तो उपाय कॅलिबर. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने २००६ साली, सोनीचे नवे वाचनयंत्र आपल्या लिनक्स संगणकाशी बोलत नाही म्हणून, स्वतःपुरते जे सॉफ्टवेअर लिहिले त्याचाच हा विस्तार. तो मोफत आहे आणि त्याचे वाचनदालन २०१९ च्या चौथ्या आवृत्तीपासून ब्राउझरच्या नव्या यंत्रणेवर चालत असल्यामुळे जोडाक्षरे नीट सांधली जातात. गुरुजींच्या विंडोज ७ साठी त्याची ५.४४ ही शेवटची आवृत्ती. त्यापुढची सहावी आवृत्ती विंडोज १० शिवाय बसत नाही, तेव्हा 'नवे ते चांगले' म्हणून तिच्यामागे लागू नये. त्यात जुने मोबी पुस्तक घालावे, ईपब करून घ्यावे, आणि रूपांतराच्या वेळी दोन गोष्टी न विसरता कराव्या: 'मुक्त' किंवा 'नोटो' यांसारखा चांगला युनिकोड फॉन्ट पुस्तकातच शिवावा, आणि पुस्तकाची भाषा 'मराठी' अशी नोंदवावी. ही दुसरी गोष्ट पुष्कळांना निरुपयोगी वाटते. परंतु मराठीचा ल आणि श हिंदीच्या ल-श हून वळणाने निराळे आहेत, आणि दोन्ही वळणे बाळगणारा फॉन्ट भाषेची नोंद पाहूनच कोणते द्यायचे ते ठरवतो. आपले ल आणि श परत मिळाल्यावर पान एकदम घरचे वाटू लागते.

कुलूपबंद पुस्तकांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथे कोणतीही दुरुस्ती चालत नाही. असे पुस्तक आपण विकत घेतो असे म्हणतो, पण मिळतो तो वाचण्याचा परवाना, आणि परवाना देणारा तो परतही घेऊ शकतो. २०१९ च्या एप्रिलात मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. पैसे परत दिले, पण लोकांनी घेतलेली पुस्तके जुलैपासून उघडेनाशी झाली, आणि कोणी समासात टिपणे केली असतील तर ती त्याबरोबर गेली. किंडलवर घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची सोयही २६ फेब्रुवारी २०२५ पासून उरली नाही. परवाना यंत्राच्या नावावर असतो, म्हणून यंत्र विकण्यापूर्वी किंवा पुसण्यापूर्वी त्यावरील परवाना आधी रद्द करावा. नाहीतर मोजक्या यंत्रांच्या कोट्यातील एक जागा मेलेल्या लॅपटॉपच्या नावावर अडून राहते. आणि ज्या ग्रंथांचा स्वामित्वहक्क संपला आहे त्यांच्यासाठी कुलपाशी झगडण्याचे कारणच नाही. आपल्या कायद्याने तो हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ च्या आरंभापासून त्यांचे साहित्य सर्वांचे आहे. आमच्या गुरुजींच्या लॅपटॉपवर साने गुरुजींचे एक पुस्तक अडकलेले होते, आणि ते सोडवण्यात मी एक संध्याकाळ उगाच घालवली.

फोनवर वाचणाऱ्यांची अडचण बहुधा उलट्या बाजूची असते, यंत्र नवे आणि अ‍ॅप जुने. काही नवे फोन ३२ बिटांची जुनी अ‍ॅप्स बसवूनच घेत नाहीत, आणि अँड्रॉइड १४ फार जुन्या घडणीच्या अ‍ॅपला दारातूनच परत पाठवते. अ‍ॅप चालते पण फोल्डरमधील पुस्तके दिसत नाहीत, अशी तक्रार असेल तर अँड्रॉइड ११ पासून सर्वसाधारणपणे अ‍ॅपला स्वतःच्या कोठडीबाहेर मोकळेपणी पाहण्याची मनाई झाली हे त्याचे कारण. पुस्तक फाईल व्यवस्थापकातून उघडून त्या अ‍ॅपकडे द्यावे, म्हणजे ते घेते.

चौथ्या संध्याकाळी गुरुजी शाळेतल्या साठा नोंदवहीसारखी आखलेली एक वही घेऊन आले. रकाने त्यांनीच पाडले होते: अनुक्रम, ग्रंथनाम, लेखक, कोठून मिळाले, फाईलचा प्रकार, कुलूप आहे किंवा नाही, आणि शेवटी 'उघडून पाहिल्याची तारीख'. मी एकेक पुस्तक उघडत गेलो आणि ते निळ्या शाईने तारीख घालत गेले. बंद पडलेल्या दुकानाच्या रुक्क्यांपाशी आल्यावर मी म्हटले, "गुरुजी, हे आता बाद धरू या." त्यांनी थोडा वेळ वहीकडे पाहिले, नाव आणि लेखक स्वच्छ अक्षरांत लिहिले, शेवटचा रकाना कोरा ठेवला, आणि विचारले, "उदगिराकडे पुन्हा कधी जाणार आहेस?"